गादी आणि ओटी

गेल्या दिवाळीच्या सुटीत नातीला घेऊन कोल्हापूरला गेलो होतो. अंबाबाईचं दर्शन झालं, रंकाळ्यावरची भेळ झाली आणि तिसऱ्या दिवशी दुपारी आम्ही आजोबा-नात नव्या राजवाड्यातलं वस्तुसंग्रहालय पाहायला गेलो. नात चौथीत आहे. म्हणजे शिवाजी महाराज तिच्या ताज्या अभ्यासातले. तलवारी, भाले, पेंढा भरलेली जनावरं यांच्यापुढे ती फार रेंगाळली नाही. राजेलोकांच्या तसबिरींपुढे मात्र उभी राहिली आणि एकेकाकडे बोट दाखवून विचारू लागली.

"आजोबा, हे ह्यांचे बाबा का?"

"नाही गं. त्यांच्यामागे ह्यांना दत्तक घेतलं."

"आणि हे ह्यांचे?"

"नाही. हेही दत्तक."

"आणि हे?"

मी जरा घुटमळलो. "हेही दत्तकच."

तिनं कमरेवर हात ठेवले. "मग ह्यांच्यात खरा मुलगा कुणी होता की नाही?"

शेजारून चाललेलं एक जोडपं हसलं. मीही हसलो. पण प्रश्न हसून सोडून देण्यासारखा नव्हता. 'खरा मुलगा' आणि 'खरा वारस' हे शब्द मी जन्मभर ऐकत आलो आहे. घरात ऐकले, बँकेच्या काउंटरवर ऐकले. आणि २०२४ सालच्या लोकसभा निवडणुकीत सध्याचे शाहू महाराज कोल्हापुरातून उभे राहिले, तेव्हा प्रचाराच्या धुळवडीतही ऐकले. महाराज दत्तक आहेत, असं कुणीतरी बोललं आणि चार दिवस वर्तमानपत्रांना तोच विषय पुरला. महाराज निवडून आले, धुरळा खाली बसला. पण मला तेव्हाच वाटलं होतं, की ज्यांना दत्तक हा शब्द उणा वाटतो, त्यांनी कोल्हापूरच्या गादीची वंशावळ एकदा बोट ठेवून वाचायला हवी. नातीनं माझ्याकडून ती वाचून घेतली.

एक सही

त्याआधी बँकेतली एक गोष्ट सांगतो. तिच्यावाचून पुढचं नीट सांगता येणार नाही.

मी पस्तीस वर्षं बँकेत काढली. नवा नवा अधिकारी झालो तेव्हा एका तालुक्याच्या शाखेत माझ्याकडे मयत खातेदारांच्या दाव्यांचं टेबल आलं. नामनिर्देशनाची सोय तेव्हा अजून यायची होती. एके दिवशी एक बाई आल्या. नवरा एस. टी.त ड्रायव्हर होता, महिन्यापूर्वी वारला होता. त्याच्या नावावर काही हजारांची मुदतठेव. बाईंना दोन मुली, मुलगा नाही. सोबत नवऱ्याचा पुतण्या आला होता. तोच पुढं होऊन बोलत होता. "साहेब, काकांना मुलगा नाही. खरा वारस मीच."

कायदा मला पाठ होता. विधवा आणि मुली असताना पुतण्याचा त्या पैशांवर काडीचाही हक्क नव्हता. ते मी त्याला सांगितलंही. पण नवखा अधिकारी कागदाला फार भितो. हा दाखला आणा, तो दाखला आणा, दोन जामीनदार आणा, असं करत मी त्या बाईंना चार खेपा घालायला लावल्या. चौथ्या खेपेला माझ्या टेबलावर पसरलेल्या कागदांकडे बघत त्या म्हणाल्या, "साहेब, ह्या एवढ्यांत माझी सही कुठं चालंल?"

मी जागा दाखवली. त्यांनी सावकाश, एकेक अक्षर कोरून सही केली. पैसे त्याच दिवशी मिळाले. पण ते वाक्य माझ्याजवळ राहिलं. पुढं इतिहासाची पुस्तकं वाचताना, कोल्हापूरच्या गादीची हकिकत वाचताना, ते मला वारंवार आठवत गेलं.

पन्हाळ्यावरची गादी

रायगडावर ६ जून १६७४ रोजी शिवाजी महाराजांना राज्याभिषेक झाला आणि 'छत्रपती' हे पद जन्माला आलं. चाळीस वर्षं उलटायच्या आत त्या पदाच्या दोन गाद्या झाल्या. राजाराम महाराज १७०० साली सिंहगडावर वारले. त्यांच्या पंचविशीतल्या राणीनं, ताराबाईंनी, आपल्या लहानग्या मुलाला, शिवाजीला, पुढं बसवून औरंगजेबाशी सात वर्षं झुंज घेतली. १७०७ मध्ये औरंगजेब मेला, संभाजी महाराजांचे चिरंजीव शाहू मोगलांच्या कैदेतून सुटून आले आणि घरातच लढाई उभी राहिली. शाहूंना १७०८ च्या जानेवारीत साताऱ्यास राज्याभिषेक झाला. ताराबाईंनी हार मानली नाही. १७१० च्या सुमारास त्यांनी पन्हाळ्यावर वेगळी गादी मांडली. तीच पुढं कोल्हापूरची गादी.

म्हणजे या गादीची सुरुवातच एका विधवेच्या हातानं झाली, हे आधी लक्षात ठेवलं पाहिजे. पण गादी मांडणाऱ्याच्याच घरात टिकते असंही नाही. १७१४ साली ताराबाईंची सवत राजसबाई यांनी आपला मुलगा संभाजी याला गादीवर बसवलं आणि ताराबाई मुलासह कैदेत गेल्या. १७३१ च्या वारणेच्या तहानं वारणा नदी ही दोन राज्यांची हद्द ठरली. सातारा एकीकडे, कोल्हापूर दुसरीकडे.

हे संभाजी महाराज १७६० मध्ये वारले. पोटी मुलगा नाही. पेशव्यांच्या मनात होतं, की आता कोल्हापूर आणि सातारा एक करून टाकावं. हिशेबाच्या दृष्टीनं तेही बरोबरच. एक खातं बंद करून शिल्लक दुसऱ्या खात्यात वळती केली की झालं. पण संभाजी महाराजांच्या राणी जिजाबाई खातं बंद करायला तयार नव्हत्या. त्यांनी भोसले कुळातल्याच खानवटकर शाखेतला एक मुलगा निवडला आणि १७६२ साली दत्तक घेतला. त्याचं नाव ठेवलं शिवाजी. मुलगा लहान होता, तोवर कारभार जिजाबाईंनी पाहिला. १७७३ मध्ये त्या वारल्या तोपर्यंत.

हे पहिलं दत्तकविधान. यानंतर बरोबर दोनशे वर्षांनी, १९६२ साली, या गादीसाठी अगदी अलीकडचं दत्तकविधान झालं. मधली पाच धरून दोनशे वर्षांत सात. नात उगाच कमरेवर हात ठेवून उभी राहिली नव्हती.

आपल्याकडे मूल दत्तक देणं याला एक जुना शब्दप्रयोग आहे: ओटीत घालणं. राज्य मिळालं की माणूस गादीवर बसतो. दत्तक आलेल्या मुलाला मात्र गादीवर बसण्याआधी कुणाच्या तरी ओटीतून जावं लागतं. आणि आपल्या मुंबई इलाख्यातल्या धर्मशास्त्राच्या रूढीत एक विशेष होता. नवऱ्यानं हयातीत मना केलेलं नसेल, तर त्याच्या विधवेला दत्तक घ्यायला त्याच्या वेगळ्या परवानगीची गरज नसे. बंगालात तशी परवानगी लागे; इथं लागत नसे. ज्या बाईला स्वतः गादीवर बसता येत नव्हतं, तिला गादीवर कोण बसणार हे ठरवता येत होतं. माझ्या त्या एस. टी. ड्रायव्हरच्या बायकोच्या भाषेत सांगायचं तर, एवढ्या एका जागी तिची सही चालत होती.

साताऱ्याचं काय झालं

ही सही चालली नाही म्हणजे काय होतं, ते साताऱ्यानं पाहिलं. छत्रपती शहाजी ऊर्फ आप्पासाहेब यांनी मरणापूर्वी दत्तक घेतला होता. ५ एप्रिल १८४८ रोजी ते वारले आणि गव्हर्नर जनरल डलहौसी यानं तो दत्तक राज्याचा वारस म्हणून मानायचं नाकारलं. शिवछत्रपतींच्या थोरल्या पातीचं राज्य दप्तरातल्या एका शेऱ्यानं खालसा झालं. पुढं १८५४ मध्ये झाशीचं तेच झालं, आणि नागपूरकर भोसल्यांचंही. झाशीच्या राणीच्या मांडीवरच्या दामोदररावाला कोण ओळखत नाही? तो दत्तक होता, एवढाच त्याचा दोष.

कोल्हापूर त्या तडाख्यातून वाचलं, कारण नेमक्या त्या वर्षांत गादीवर राजे जिवंत होते. पहिल्या दत्तकाचे, म्हणजे खानवटकरांकडून आलेल्या शिवाजी महाराजांचे, नातू शिवाजी ऊर्फ बाबासाहेब १८३८ पासून गादीवर होते. सत्तावन्नचा उठाव झाला. बाबासाहेबांचे धाकटे भाऊ चिमासाहेब यांच्यावर इंग्रजांचा संशय गेला आणि त्यांना कराचीला नेऊन ठेवण्यात आलं. ते पुन्हा कोल्हापूरला आले नाहीत. १८६९ मध्ये तिकडेच वारले. उठावानं इंग्रज मात्र एक धडा शिकले. संस्थानिकांचे दत्तक नाकारणं अंगाशी येतं, हे त्यांना उमगलं. १८६२ साली कोल्हापूरला दत्तकाचा हक्क करारानं मिळाला.

मिळाला तो अगदी वेळेवर.

अठरा वर्षांत तीन

बाबासाहेबांना मुलगा नव्हता. सख्खा भाऊ कराचीला नजरकैदेत. १८६६ साली मरणशय्येवर त्यांनी आपल्या बहिणीचा मुलगा दत्तक घेतला. पाटणकरांचा नागोजीराव. त्याचे झाले राजाराम महाराज.

हा तरुण राजा हुशार होता, इंग्रजी शिकलेला होता. १८७० साली तो विलायतेला गेला. समुद्र ओलांडून विलायतेला जाणं ही त्या काळात राजालाही सोपी गोष्ट नव्हती. तिथं त्यानं सगळं डोळसपणे पाहिलं, रोजनिशी लिहिली. परतीच्या वाटेवर इटलीत फ्लॉरेन्स इथं तो आजारी पडला आणि ३० नोव्हेंबर १८७० रोजी तिथंच वारला. वय वर्षं वीस. आर्नो नदीला मुन्योने नावाचा ओढा जिथं मिळतो, त्या संगमावर, हिंदू रीतीप्रमाणे त्याचं दहन झालं. परक्या गावच्या अधिकाऱ्यांनी त्यासाठी खास परवानगी दिली. आज तिथं कॅशिने बागेच्या टोकाला एक छत्री उभी आहे आणि छत्रीखाली फेटा बांधलेल्या एका कोवळ्या मराठी राजाचा अर्धपुतळा आहे. जवळच पुढं नदीवर मोठा पूल झाला, त्याला फ्लॉरेन्सचे लोक 'हिंदी माणसाचा पूल' म्हणतात. बहिणीच्या घरातून मामाच्या गादीवर गेलेला मुलगा शेवटी एका पुलाचं नाव होऊन राहिला.

गादी पुन्हा रिकामी. १८७१ साली सावर्ड्याच्या भोसल्यांचा नारायणराव हा आठ वर्षांचा मुलगा दत्तक आला. हे चौथे शिवाजी महाराज. त्यांची कहाणी तर वाचवत नाही. पोर वाढत असतानाच ते वेडे आहेत असं सरकारनं ठरवलं. ते खरोखर वेडे होते, की त्यांना तसं केलं गेलं, यावरून त्या काळच्या महाराष्ट्रात मोठं वादळ उठलं. 'केसरी' आणि 'मराठा' या पत्रांनी संस्थानचे दिवाण माधवराव बर्वे यांच्यावर आरोप केले. त्याला आधार म्हणून छापलेली पत्रं बनावट ठरली आणि १८८२ साली टिळक-आगरकरांना डोंगरीच्या तुरुंगात जावं लागलं. एकशे एक दिवसांची ती कैद आपण शाळेत शिकलो. पण ज्याच्यासाठी ते दोघे तुरुंगात गेले, त्या मुलाचं पुढं काय झालं, हे बहुतेकांना आठवत नाही. त्याला अहमदनगरच्या, म्हणजे आजच्या अहिल्यानगरच्या किल्ल्यात नेऊन ठेवलं होतं. २५ डिसेंबर १८८३ रोजी, पहाऱ्यावरच्या गोऱ्या शिपायाशी झालेल्या झटापटीत त्याचा अंत झाला. त्याचंही वय वीसच.

दत्तक जाणं म्हणजे घबाड मिळणं, असं ज्यांना वाटतं त्यांनी या दोन मुलांकडे पाहावं. एकाची छत्री आर्नोच्या काठी, दुसऱ्याची समाधी नगरला. दोघांच्या आया त्यांना ओटीत घालताना काय स्वप्नं पाहत असतील?

चौथ्या शिवाजी महाराजांच्या मागे त्यांची राणी आनंदीबाई होती. नवराच विसाव्या वर्षी गेलेला, तेव्हा तिचं वय काय असेल याचा अंदाज आपणच करावा. त्या मुलीनं १७ मार्च १८८४ रोजी कागलच्या घाटग्यांचा यशवंतराव हा नऊ वर्षांचा मुलगा दत्तक घेतला. तो लहान असतानाच त्याची सख्खी आई वारली होती. १८६६, १८७१, १८८४: अठरा वर्षांतला हा तिसरा दत्तक.

त्याचं नाव ठेवलं शाहू.

जी पदवी वारशानं मिळत नाही

पुढचं सांगायची गरज नाही, तरी दोन गोष्टी सांगतो. १८९४ मध्ये शाहू महाराजांच्या हाती कारभार आला. २६ जुलै १९०२ रोजी त्यांनी मागासलेल्या वर्गांसाठी संस्थानच्या नोकऱ्यांत निम्म्या जागा राखून ठेवण्याचा हुकूम काढला. राधानगरीचं धरण, सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण, विधवाविवाहाचा कायदा, जातीजातींच्या मुलांसाठी वसतिगृहं ही सगळी या ओटीतून आलेल्या मुलाची कामगिरी. 'खरा मुलगा' असता तर त्यानं याहून अधिक काय केलं असतं?

बँकेत आम्ही नव्या खातेदाराला एक गोष्ट समजावून सांगत असू, आणि ती कितीदा सांगितली तरी लोकांना पटत नसे. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. नॉमिनीच्या हाती पैसे येतात, ते ज्यांचे आहेत त्यांना पोचवण्यासाठी. तो विश्वस्त. मला वाटतं, शाहू महाराजांना गादीचं हे मर्म कळलं होतं. जन्मानं मिळालेली वस्तू माणूस आपलीच समजतो. कुणीतरी निवडून हातात दिलेली वस्तू सांभाळताना त्याला आठवण राहते, की ही आपली नव्हती.

'छत्रपती' हे पद त्यांना आनंदीबाईंच्या ओटीतून मिळालं. 'राजर्षी' ही पदवी १९१९ साली कानपूरच्या कुर्मी क्षत्रियांच्या सभेनं दिली. पहिली त्यांनी पुढच्या पिढीला दिली. दुसरी कुणालाच देता आली नाही. त्यांच्यामागे चार राजे झाले, पण आपण 'राजर्षी' म्हटलं की एकच माणूस डोळ्यांपुढे येतो.

भाचा आणि नातू

शाहू महाराजांना दोन मुलगे होते. धाकटे शिवाजी १९१८ साली शिकारीच्या वेळी झालेल्या अपघातात गेले. त्यांची पत्नी इंदुमतीदेवी तेव्हा जेमतेम अकरा वर्षांची. महाराजांनी घरच्यांचा विरोध पत्करून या सुनेला शिकवलं. थोरले राजाराम महाराज १९२२ मध्ये गादीवर आले. नात विचारत होती तो 'खरा मुलगा' हाच. १७६२ च्या दत्तकाच्या मुला-नातवांनंतर पोटचा मुलगा गादीवर बसला तो हा. पण १९४० मध्ये तेही वारले. त्यांना मुलगी होती, पद्माराजे. मुलीकडे गादी जात नव्हती.

मग राणी ताराबाईंनी, योगायोग पाहा, पुन्हा ताराबाईच, एक तान्हं मूल ओटीत घेतलं. ते पाचवे दत्तक. हे बाळमहाराज १९४६ मध्ये, पुरती पाच वर्षांचीही न होता, देवाघरी गेले.

आणि आता मला खरी गंमत सांगायची आहे. शाहू महाराजांची मुलगी राधाबाई ऊर्फ अक्कासाहेब मध्य हिंदुस्थानात देवासच्या थोरल्या पातीच्या पवारांकडे दिलेली होती. इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर ज्या देवासच्या तुकोजीराव महाराजांच्या पदरी काही काळ चिटणीस होता, त्यांच्या या राणी. संसार सुखाचा झाला नाही. अक्कासाहेब माहेरी कोल्हापूरला परतल्या. त्यांचे चिरंजीव विक्रमसिंहराव पुढं देवासचे राजे झाले, दुसऱ्या महायुद्धात लढून आले. १९४७ साली त्यांनी देवासची गादी आपल्या मुलाला दिली आणि स्वतः कोल्हापूरला दत्तक आले. शहाजी महाराज या नावानं ते गादीवर बसले. आईच्या माहेरी, मामाच्या जागी.

दोन वर्षांत, १ मार्च १९४९ रोजी, कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं. राज्य गेलं, पद राहिलं. शहाजी महाराजांची मुलगी शालिनीदेवी नागपूरकर भोसल्यांकडे दिली होती. तिचा १९४८ साली जन्मलेला मुलगा शहाजी महाराजांनी १९६२ मध्ये दत्तक घेतला. कोल्हापुरात तेव्हा त्याला विरोधही झाला. मुलाचं वय होतं चौदा. १९५६ च्या नव्या दत्तक कायद्यानं पंधराच्या आतली अट घातली होती, ती पाळली गेली. ज्या नागपूरकर भोसल्यांच्या घरातला दत्तक डलहौसीनं मानला नव्हता, त्याच घरातला मुलगा शंभर वर्षांनी कोल्हापूरचा दत्तक झाला. हेच सध्याचे शाहू महाराज.

आता ही साखळी बोटांवर मोजून पाहा. राजर्षी शाहू महाराज, त्यांची मुलगी अक्कासाहेब, तिचा मुलगा शहाजी महाराज, त्यांची मुलगी शालिनीदेवी, तिचा मुलगा आजचे शाहू महाराज. रक्त कुठं तुटलं? कुठंच नाही. कागदावर मात्र तुटल्यासारखं दिसतं, कारण वंशावळीच्या कागदावर अक्कासाहेब आणि शालिनीदेवी ही नावंच नसतात. दोन पायऱ्या पुसून टाकायच्या आणि मग म्हणायचं, जिना तुटला!

जुन्या शास्त्रकारांनी भाच्याला आणि मुलीच्या मुलाला दत्तक घ्यायला वरच्या वर्णांना मनाई केली होती. या घरानं दोनदा भाचा घेतला, एकदा मुलीचा मुलगा घेतला. उरलेल्या वेळी जिजाबाई, आनंदीबाई, ताराबाई अशा विधवांनी निवड केली. छत्रपतींचं पद तीनशे वर्षं चालत आलं ते बापाकडून मुलाकडे जेवढं, तेवढंच आईकडून, बहिणीकडून आणि लेकीकडून. १९७१ साली सव्विसाव्या घटनादुरुस्तीनं संस्थानिकांची पदं आणि तनखे कायद्यातून गेले. आता 'महाराज' हा शब्द उरला आहे तो लोकांच्या तोंडी. दसरा चौकात सोनं लुटायला जमणाऱ्या माणसांना कायद्याचं कलम लागत नाही.

तीन दिवसांचं सुतक

हे सगळं मी एवढ्या पोटतिडकीनं का सांगतो आहे, ते सांगून थांबतो.

माझे वडील दत्तक होते. राज्याला नव्हे, चार एकर जिरायत आणि पडक्या वाड्याच्या अर्ध्या भागाला. थोरल्या चुलत आजोबांना मूल नव्हतं. ते गेल्यावर थोरल्या आजीनं पुतण्याला, सहा वर्षांच्या माझ्या वडिलांना, ओटीत घेतलं. सख्खी आई त्याच वाड्यात, अंगणापलीकडे राहत होती. त्या दिवसापासून वडील तिला 'काकी' म्हणू लागले. आम्ही नातवंडंही काकीच म्हणायचो. ती कधी आमच्या सोप्यावर येऊन बसली नाही. सणाला वडील नमस्काराला गेले, की ती त्यांच्या डोक्यावर हात ठेवायची आणि जरा जास्त वेळ ठेवायची. एवढंच.

ती गेली तेव्हा मी दहावीत होतो. भटजींनी सांगितलं, दत्तक गेलेल्या मुलाला जन्मदात्या आईचं सुतक तीन दिवस. दहा नाही. वडिलांनी मान हलवली. चौथ्या दिवशी ते कामावर गेले. संध्याकाळी उशीर झाला तरी घरी येईनात, म्हणून आईनं मला पाहायला पाठवलं. ते अंगणापलीकडच्या स्वयंपाकघरात, विझलेल्या चुलीपुढं, काकीच्या पाटावर बसले होते. मला पाहून म्हणाले, "चल. येतो."

कोल्हापूरहून परतताना गाडीत नातीनं शेवटचा प्रश्न विचारला. "आजोबा, त्या राजांनी मुलगी का नाही घेतली दत्तक?"

मी तिला सांगितलं, की तेव्हा मुलगी दत्तक घेताच येत नसे. १९५६ च्या कायद्यानं ते आलं. आता मुलगीही घेता येते, आणि बाईलाही आपल्या नावानं मूल दत्तक घेता येतं. तिनं ते ऐकून घेतलं आणि खिडकीबाहेर बघत बसली. पुण्यापर्यंत काही बोलली नाही.

घरी आल्यावर तिनं शाळेच्या वहीत आमची वंशावळ काढायला घेतली. तिला राजांसारखी नको होती. सगळ्यांची नावं हवी होती. माझं झालं, तिच्या आजीचं झालं, वडिलांचं झालं. थोरल्या आजीचं नावही मी सांगितलं; ते जमिनीच्या कागदांवर होतं. मग ती म्हणाली, "आणि त्या काकीचं नाव काय?"

पस्तीस वर्षं लोकांना 'मयताचे संपूर्ण नाव लिहा' म्हणून सांगणारा मी. माझ्या सख्ख्या आजीचं नाव मला सांगता येईना. शेवटी थोरल्या बहिणीला सोलापूरला फोन लावला. तिलाही आठवायला वेळ लागला. मग म्हणाली, "यमुना. माहेरचं बहुतेक गोदावरी असावं. सासरी नाव बदललं होतं."

नातीनं दोन्ही नावं लिहिली. आणि तिथून खाली वडिलांच्या नावापर्यंत पट्टी लावून एक सरळ रेघ ओढली.